खडी रस्त्याला, सोरा विहिरीला



दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर मध्यंतरी आमची बैठक होती. विषय नेहमीचेच. वीजबिल, ऊसबिल, कांदा. बैठक उठता उठता मागे बसलेली एक आजी म्हणाली, "बाकीचं ऱ्हाऊ द्या. त्या खाणीतलं पानी म्हशीला पाजावं का न्हाई, तेवढं सांगा."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. हमीभावावर दोन तास बोलणारे आम्ही, या एका प्रश्नावर आमची वाचा बसली. वस्तीपासून दोन शेतं पलीकडे दगडाची खाण. खाणीत पाणी साचले की मोटर लावून ओढ्यात सोडतात. ओढ्याकाठी आजीची विहीर. तीच माणसांना, तीच जनावरांना. खाणीत आठवड्यातून दोन-तीनदा सुरुंग उडतो. घराला तडे गेले की सगळे बोलतात, पत्र्यावर दगड पडला की भांडण होते, ज्वारीवर धुरळा बसला की पंचनामा मागतात. पाण्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही, कारण पाण्याला तडा दिसत नाही.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. वाचले, जाणत्यांना विचारले. जे कळले ते या बैठकीपुढे ठेवतो.

आधी हे स्पष्ट सांगतो की आम्ही खाणबंदीवाले नाही. १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातल्या आयाबायांनी रोजगारासाठी हाताने खडी फोडली. हातोडा, पायाखाली दगड, डोक्यावर ऊन. आज ते काम यंत्र करते आणि त्यात आम्हाला दुःख वाटण्याचे कारण नाही. रस्ता आम्हालाही हवा. द्राक्ष, डाळिंब, दूध बाजारात वेळेवर पोचायचे तर खडी लागणारच. पुणे-हैदराबाद रस्ता रुंद झाला, पंढरीकडे येणाऱ्या पालखी मार्गांचे भूमिपूजन २०२१ साली झाले, सुरत-चेन्नई मार्गाच्या मोजणीला बार्शी, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या भावासाठी झुंज दिली. जमिनीच्या भावाचे आपल्याला कळते. त्या रस्त्याखाली जाणारा दगड कोणाच्या बांधाशेजारून निघतो आणि निघताना मागे काय ठेवून जातो, याचा हिशेब मात्र आपण कधी मागितला नाही.

सुरुंगात असते काय? आपण सरसकट 'जिलेटिन' म्हणतो. नाव जुने आहे, माल बदलला. नायट्रोग्लिसरीनची जुनी कांडी देशात २००४ पासून बंद झाली. आज जे वापरतात त्यातल्या बहुतेकांचा पाया एकच, अमोनियम नायट्रेट. नाव ऐकून खताच्या दुकानाची आठवण झाली असेल तर ती बरोबर आहे. हे खतच आहे, युरियाचे चुलत भावंड. फरक इतकाच की डिझेल आणि धक्का मिळाला की ते डोंगर हलवते. बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी असेच २,७५० टन साठवलेले उडाले आणि अर्धे शहर उद्ध्वस्त झाले. आपल्याकडे २०११ साली अमोनियम नायट्रेटला स्फोटक म्हणून जाहीर केले आणि २०१२ साली त्याचे स्वतंत्र नियम आले. साठवण, वाहतूक, विक्री या सगळ्याला परवाना लागतो. हे सगळे नियम ते उडू नये, चोरीला जाऊ नये यासाठी आहेत. ते विरघळू नये याची काळजी त्यांच्यात शोधावी लागते.

आणि विरघळण्यात तर त्याचा हात कोणी धरणार नाही. एका लिटर पाण्यात दीड किलोहून जास्त अमोनियम नायट्रेट सहज मुरते. पूर्ण पेटले तर त्याची वाफ आणि नायट्रोजन होतो, हवेत जातो, काही उरत नाही. पण पूर्ण पेटते कुठे? भोक भरताना गोणीतून सांडते. भोकात आधीच पाणी असते, त्यात ते उडण्याआधीच विरघळू लागते. भरून ठेवलेले भोक रात्रभर तसेच राहते, मध्येच पाऊस येतो. शेजारचा सुरुंग आधी उडतो आणि याची वात तुटते, माल दगडाच्या ढिगात तसाच पडून राहतो. मग पहिला पाऊस येतो आणि हे सगळे धुऊन खाणीच्या तळाशी जाते.

बांधावर उभे राहूनही याची एक खूण कळते. सुरुंग उडाल्यावर धूर पांढुरका असेल तर ठीक. पिवळा-नारिंगी लोट निघाला तर समजावे की माल नीट जळला नाही. बहुधा भोकात पाणी होते किंवा मिश्रण बिघडलेले होते. तो धूर अंगावर घेऊ नये. पोरांना तर अजिबात नाही.

आता आकडे मांडू. एक ब्रास काळा दगड फोडायला साधारण किलो-दीड किलो स्फोटक लागते. दिवसाला शंभर ब्रास काढणारी खाण धरा, म्हणजे निदान शंभर किलो. त्यातले शंभरात एक वाया जाते असे मानू. कामात शिस्त असेल तर याहून कमी जाईल, भोके ओली असतील तर पुष्कळ जास्त. म्हणजे दिवसाला एक किलो. एका किलोत पाऊण किलोहून थोडे जास्त नायट्रेट असते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही आपल्या देशाची मर्यादा. तेव्हा हा एक किलो, सतरा हजार लिटर निर्मळ पाणी मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवतो. दहा हजार लिटरचे पावणेदोन टँकर! शिवाय त्यातला अमोनियाही पुढे जीवाणूंच्या हातून नायट्रेटच होतो, म्हणजे हिशेब दुप्पट. टंचाईत टँकरसाठी रांग लावणाऱ्या जिल्ह्याला हा आकडा समजावून सांगायची गरज नसावी.

पण भावांनो, दुसऱ्याचा हिशेब मांडताना आपली वही झाकून ठेवणे आम्हाला पटत नाही. वर्षाला तीनशे दिवस काम चालले तर ही गळती तीनशे किलोची. नायट्रोजनच्या भाषेत म्हणजे युरियाच्या जेमतेम पाच गोण्या. आणि सुरू उसाच्या एका एकराला शिफारशीप्रमाणे आपण किती युरिया टाकतो? तेवढ्याच, पाच गोण्या. अख्ख्या खाणीची गळती आणि एका एकराचे खत बरोबरीचे! केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या सुमारे वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर निघाले, महाराष्ट्रात पस्तीस टक्क्यांहून जास्त. ते सुरुंगाने केलेले नाही. ते मुख्यतः आपल्या खताने, उकिरड्याने, शोषखड्ड्याने आणि गावाच्या गटाराने केले आहे. खाणवाला उद्या हेच तोंडावर फेकील, तेव्हा आपणच आधी बोललेले बरे.

मग खाणीचे वेगळे काय? वेगळे हे की शेतात माती असते आणि मातीत मूळ असते. पाच गोण्यांतला बराच भाग ऊस खातो, काही हवेत जातो, उरलेला खाली मुरतो. खाणीत माती नाही, मूळ नाही, खायला कोणी नाही. उघडा खडक आणि त्याला पडलेल्या भेगा. आपला काळा पाषाण अंगात पाणी धरत नाही. पाणी धरते ती भेग, फट, मुरमाड थर. त्याच भेगेतून खाणीचे पाणी विहिरीला येते, मध्ये गाळायला काही नसते. एकराचे खत एकरभर पसरते, खाणीचे एका खड्ड्यात गोळा होते आणि मोटरीने एका ओढ्यात पडते. कोकणात धो-धो पावसाने सगळे धुऊन तरी जाते. आपल्याकडे वर्षाचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही आला तर. पातळ करायला पाणीच नाही. जिल्ह्याच्या हिशेबात ही गळती नगण्य असेल, पण आजीच्या विहिरीत ती नगण्य नाही. आडात पडेल ते पोहऱ्यात येणारच.

नायट्रेटने होते काय? मोठ्या माणसाला सहसा कळत नाही. धोका आहे तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, आणि तोही वरचे दूध, पावडर पाण्यात कालवून पाजली जात असेल तर. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते, ते रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद मारते. बाळ निळसर पडते. १९४५ साली अमेरिकेत आयोवाच्या एका डॉक्टराने हे प्रथम नीट मांडले. कारखान्याजवळच्या नव्हे, शेतकऱ्यांच्या विहिरींवरची बाळे पाहून. जनावरांचे म्हणाल तर रवंथ करणाऱ्याच्या पोटात हेच काम जोरात चालते. थोडे नायट्रेट गाय-म्हैस पचवते. फार झाले तर श्वास लागतो, रक्त चॉकलेटी होते, गाभण जनावर गाभडते. ताण बसलेल्या कोवळ्या चाऱ्यातही नायट्रेट असते, त्यात पाण्यातले मिळाले की भर पडते.

आणि घरोघरच्या बायांनी हे लक्षात ठेवावे: नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटते तसे ते घट्ट होते. तुरटीने जात नाही, क्लोरीनने जात नाही, मेणबत्तीच्या फिल्टरने जात नाही. वास नाही, चव नाही, रंग नाही. आरओ यंत्राने कमी होते, पण त्यात बरेच पाणी वाया जाते. बाळासाठी दुसरे पाणी आणणे हाच तातडीचा उपाय.

आता उपायाकडे. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या कोळसा खाणींखालच्या नद्यांत नायट्रेट वाढल्याचे १९८० च्या दशकातच तपासले गेले आणि तेव्हापासून तिकडे यावर काम चालू आहे. त्यातून निघालेले शहाणपण काही रॉकेट विज्ञान नाही, आपल्या कोणत्याही मुकादमाला जमेल असे आहे. ओल्या भोकात सुटे दाणेदार स्फोटक भरायचे नाही. तिथे इमल्शन वापरायचे. इमल्शनमध्ये त्याच मिठाचे बारीक थेंब तेला-मेणाच्या आवरणात असतात, पाणी सहजासहजी आत शिरत नाही. विदर्भातल्या कोळसा खाणींत तर ते टाकीच्या गाडीने जागेवर आणून भरतात. कांडीच्या रूपात ते आपल्याकडेही मिळते. महाग पडते हे खरे. ते परवडत नसेल तर भोकातले पाणी आधी उपसा, आत प्लास्टिकची पिशवी घाला. जेवढी भोके आज उडवायची तेवढीच आज भरा. सांडलेले पायाने मातीत सारू नका, उचलून परत ठेवा. भोकाच्या तोंडाशी चुरीची ठासणी घट्ट करा, म्हणजे जोर वाया जात नाही आणि माल पुरता जळतो. पावसाचे वरचे पाणी खाणीत येऊच नये म्हणून कडेने चर काढा. आणि जिथे वस्ती, विहीर अगदी लगत आहे तिथे सुरुंग सोडून ब्रेकरने फोडा. वेळ लागेल, लागू द्या.

यातल्या बहुतेक गोष्टी खाणवाल्याच्याही फायद्याच्या आहेत. वाया गेलेले स्फोटक हे त्याचेच पैसे. तरी तो करत नाही, कारण सांडलेल्या मालाची किंमत तो एकदा देतो आणि बिघडलेल्या पाण्याची किंमत दुसरा कोणी जन्मभर देतो.

खाणीत साचलेल्या पाण्याचे काय करायचे, यावर मात्र आमची एक सूचना आहे. खास शेतकऱ्याच्या डोक्यातून निघालेली. ते ओढ्यात सोडू नका, पिकाला द्या! विहिरीला जे विष ते उसाला खत. समजा त्या पाण्यात लिटरला नव्वद मिलिग्रॅम नायट्रेट आहे, मर्यादेच्या दुप्पट. एकराला दोन इंचाची एक पाळी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. त्यातून नऊ किलो युरियाइतका नायट्रोजन शेतात येतो. पाच पाळ्यांत एक गोणी फुकट. अट एवढीच की तेवढी गोणी खतातून कमी करायची, नाहीतर आगीतून फुफाट्यात. पाणी आधी एका खड्ड्यात दोन दिवस थांबवून भुकटी खाली बसू द्यावी, यंत्राचे तेल-ग्रीस वर तरंगत असेल तर ते काढून टाकावे. आणि ते द्यायचे पिण्याच्या विहिरीपासून लांबच्या रानात.

आता आपल्या घरात डोकावू. या जिल्ह्यात सुरुंग फक्त खाणीत उडतो का? कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर बोलावून विहीर फोडून घेतली नाही असे घर शोधून सापडणार नाही. मुरूम संपला, काळा लागला की कांड्या. झरा लागला की आणखी कांड्या, पाणी वाढेल म्हणून. त्या वेळी आपण काय करतो? भोकात पाणी भरलेले असले तरी 'उडव लेका' म्हणतो. उरलेल्या कांड्या गोठ्यात खोचून ठेवतो. न उडालेला माल गाळाबरोबर काठावर टाकतो, तोच पावसात परत विहिरीत. आणि पाणी लागल्याचा आनंद इतका की त्याच दिवशी नारळ फोडून पहिला तांब्या घरात. हे थांबले पाहिजे. परवानाधारक माणूसच बोलवा, उरलेला माल त्याने मोजून परत न्यावा, न उडालेल्या भोकाला घरच्या कोणी हात लावू नये. त्यात माणसे गेली आहेत. फोडल्यानंतर गाळ विहिरीपासून लांब टाका आणि पहिला उपसा पिकाला द्या. पिण्याला घेण्याआधी पाणी तपासा.

राहता राहिला कायदा. १९७४ च्या जल कायद्याच्या २४ व्या कलमात नदीनाल्याबरोबर 'विहीर' हा शब्द स्पष्ट आहे: जाणूनबुजून दूषित पदार्थ तिच्यात जाऊ देण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार खटल्यात लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असे सांगितले. म्हणजे कागद भरपूर आहेत. पण कागद वाढले की इन्स्पेक्टर वाढतो आणि पाणी तेवढेच राहते, हा आपला जुना अनुभव. म्हणून आम्हाला नवा परवाना नको, नवे खाते नको. आम्हाला साधी गोष्ट हवी. विहीर ही शेतकऱ्याची मालमत्ता आहे. खाणीतला दगड उडून माझ्या पत्र्यावर पडला तर भरपाई मागता येते, तर खाणीतले मीठ मुरून माझ्या पाण्यात आले तर का नाही? त्यासाठी पुरावा लागतो, आणि पुरावा तेव्हाच तयार होतो जेव्हा सुरुंग सुरू होण्याआधी विहिरीचे पाणी तपासून कागद हातात असतो. आधीचा कागद नसेल तर खाणवाला म्हणेल तुझ्या युरियाचे आहे, आणि त्याला खोटे पाडायला आपल्याकडे काही नसेल.

तेव्हा मागणी ही: खाणीला परवानगी देताना किंवा मुदत वाढवताना आसपासच्या प्रत्येक विहिरीची तपासणी खाणवाल्याच्या खर्चाने व्हावी, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, आणि निकालाची प्रत विहिरीच्या मालकाच्या हाती पडावी. पैशाची अडचण कोणी सांगू नये. दगडाच्या प्रत्येक ब्रासवर स्वामित्वधन घेतले जाते. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निघाली, आणि पिण्याचे पाणी व प्रदूषण हे त्यांच्या खर्चाचे अग्रक्रमाचे विषय ठरवलेले आहेत. बाधित कोण? सभागृहाला रंग लावून घेणारे, की ओढ्याकाठची आजी? या निधीतून कोणत्या गावाला काय मिळाले, हे प्रत्येक तालुक्याने आपापल्या ग्रामसभेत विचारावे.

तोवर हातावर हात धरून बसायचे नाही. जलजीवन मिशनमध्ये २०१९ पासून गावोगावच्या पाच महिलांना पाणी तपासण्याची पेटी आणि शिक्षण देण्याची योजना आहे. त्या पेटीत नायट्रेटची तपासणी असते. आपल्या ग्रामपंचायतीत ती पेटी कुठल्या कपाटात आहे ते बघा. तिचा रंग पाहून अंदाज येतो. भांडायला मात्र प्रयोगशाळेचाच कागद लागतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहे.

पुढच्या बैठकीला येताना खाणीपासून हाकेच्या अंतरावर ज्यांची विहीर आहे त्यांनी एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली भरून आणावी. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळावी, साबण लावू नये. मोटर दहा मिनिटे चालल्यावर नळीतले पाणी घ्यावे, काठोकाठ भरावे, बूच घट्ट लावावे. बाटलीवर गाव, गट नंबर, तारीख, वेळ आणि शेवटचा सुरुंग कधी उडाला ते लिहावे. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत आणावी, आणि शक्यतो त्याच सकाळची असावी. जमतील त्या सगळ्या बाटल्या दुपारी एकाच गाडीने सोलापूरला नेऊ. आजीची बाटली आणायला आमच्यातला एकजण पहाटेच वस्तीवर जाणार आहे.